टेपवर उलटे बसलेले मास्तर

मित्रांनो, मी एक जुना कॅमकॉर्डर आहे आणि मी खोटे बोललो आहे. मुद्दाम बोललो नाही, पण ज्यांचा सगळा भरवसा माझ्यावर होता त्यांच्याशीच बोललो. तुमच्या हातात आता चपटे फोन असतात, म्हणून मी कसा दिसतो ते आधी सांगतो. मी अर्ध्या विटेएवढा आहे. पुढे भिंग, उजव्या कुशीत कॅसेटचे दार आणि डाव्या कुशीला खिडकीसारखा उघडणारा छोटा पडदा. मी जे टिपतो ते कॅसेटमधल्या टेपवर उमटते आणि जाता जाता या पडद्यावरही दिसते.

एका मोठ्या कारखान्यात, पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांच्या रांगेत माझे एकेक अंग जोडले गेले. शेवटच्या बाईने हा पडदा बसवला. तो बिजागरीवर पूर्ण मागे फिरतो, म्हणजे समोर बसलेल्या माणसाला स्वतःला पाहता येते. पण पडदा असा फिरवला की चित्र डोके खाली पाय वर दिसणार, होय ना? म्हणून पडद्याच्या कडेत तांदळाच्या दाण्याएवढा लोहचुंबक लपवलेला असतो. पडदा फिरला की तो माझ्या कुशीतल्या एका ठिकाणाजवळ येतो, मला कळते आणि मी पडद्यावरचे चित्र पालथे करतो. शिवाय उजव्याचे डावे करतो, कारण माणसांना स्वतःला आरशातल्यासारखे पाहायची सवय असते. मित्रांनो, हे तेवढे ध्यानात ठेवा. माझे पाप त्या दाण्यातून उगवले आहे.

मला एका फोटो स्टुडिओवाल्याने घेतले. सुरुवातीची वर्षे मोठ्या मानाची होती. शाळेतली नाटके, वाढदिवस, नव्या दुकानांची उद्घाटने मी टिपली. लोक मला खांद्यावर पाहून केस सारखे करत. मग कार्डावर चित्र घेणारे कॅमेरे आले आणि माझी चाकेही झिजली. मी टेप खाऊ लागलो. म्हणजे चालता चालता टेप माझ्या चाकांवरून घसरते, आत गुंडाळली जाते आणि चुरगळून बाहेर येते. एका छोकरीचा पहिला वाढदिवस मी असाच खाल्ला. स्टुडिओवाल्याने मला एक चापट मारली आणि फळीवर ठेवून दिले. तिथे मी चार वर्षे धूळ खात पडलो. शेवटी स्टुडिओच्या काउंटरवर फोटो कापून देणाऱ्या मुलीला तो म्हणाला, "हवा असेल तर ने घरी. पण सांगून ठेवतो, टेप खातो हा."

तिने मला आपल्या ओढणीने पुसले आणि घरी नेले. तिचे वडील टेलर होते. ती जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून त्यांनी तिचे नाव बटण ठेवले होते, आणि ती चोवीस वर्षांची घोडी झाली तरी घरात बटणच होती.

वडिलांना सगळे मास्तर म्हणत आणि आईला मास्तरीणबाई. घर आणि दुकान एकच. पुढच्या खोलीत कटिंगचे लांब टेबल, दोन शिलाई मशिनी, दोरीवर टांगलेले शर्ट. मागच्या खोलीत खाट, टीव्ही आणि स्वयंपाकाचा ओटा. मास्तर कापायचे आणि शिवायचे, मास्तरीणबाई काज करायच्या, बटणे लावायच्या, तुरपाई करायच्या.

मास्तरीणबाईंना ऐकू येत नसे. नऊ वर्षांच्या असताना मोठा ताप आला आणि त्यात कान गेले. बोलायला त्या शिकलेल्या होत्या, त्यामुळे बोलत छान, फक्त आवाजाला चढउतार नव्हता. बाकी सगळे त्या ओठांवरून वाचत. पण वाचायचे झाले तरी सगळ्यांचे ओठ सारखे नसतात. बटणचे त्या बऱ्यापैकी वाचत. त्यांचा धाकटा भाऊ गल्लीच्या तोंडाशी चष्म्याचे दुकान चालवायचा, त्याच्या मिशा इतक्या दाट की त्या म्हणत, "याचे शब्द झाडीतून बाहेरच येत नाहीत." परक्या माणसाचे तर त्यांना पाचातले दोन शब्द मिळत. एकट्या मास्तरांचे ओठ मात्र त्या तोंडपाठ असल्यासारखे वाचत. मास्तरांना काही सांगायचे असले की ते कात्रीच्या मुठीने टेबलावर दोन ठोके मारत. लाकडातून तो धक्का त्यांच्या कोपरापर्यंत पोहोचे, त्या मान वर करत आणि मास्तर म्हणत, "बघ." सव्वीस वर्षे त्या घरातले प्रत्येक बोलणे या एका शब्दापासून सुरू झाले होते.

एकच भांडण रोजचे होते. मास्तरांना तोंडात टाचण्या धरून बोलायची खोड होती. "आधी टाचण्या काढा," त्या म्हणत, "आणि परत म्हणा." ते टाचण्या काढून परत म्हणत. पुन्हा दहा मिनिटांनी तेच.

त्या वर्षी मास्तरांच्या खालच्या ओठाच्या आत एक गाठ आली. टाचणी लागली असेल म्हणून त्यांनी दुर्लक्ष केले. डॉक्टरांनी पाहिले तेव्हा ऑपरेशन लांबवायला फार दिवस उरले नव्हते. ओठाचा आणि जबड्याचा काही भाग काढावा लागणार होता. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, बोलताही येईल, पण ओठ पहिल्यासारखे हलणार नाहीत.

घरी आल्यावर मास्तर लगेच कापायला बसले. मास्तरीणबाई मशीनवर बसल्या, पण मशीन चालले नाही. मग त्या बटणला म्हणाल्या, "लोक आवाज भरून ठेवतात ना गं माणसाचा? मला आवाजाचं काय करायचं आहे? माझ्यासाठी त्यांचा आवाज म्हणजे त्यांचे ओठ. ते भरून ठेव."

मित्रांनो, असे काम मला आयुष्यात कोणी सांगितले नव्हते. बटणने मला मास्तरांसमोर धरले आणि तिथेच अडचण आली. माझ्या छोट्या भिंगाला जवळचे आणि लांबचे सगळे सारखेच स्पष्ट दिसते. मास्तरांच्या मागे दोरीवरचे पट्ट्यापट्ट्यांचे, चौकटीचौकटीचे शर्ट, आणि त्यात मास्तरांचा चेहरा हरवलेला. "स्टुडिओतल्या फोटोसारखं पाहिजे," बटण म्हणाली. "चेहरा तेवढा स्वच्छ आणि मागचं सगळं पुसट. म्हणजे आईची नजर ओठांवरून हलणार नाही."

हे ऐकले आणि चष्मेवाला मामा कामाला लागला. आपल्या दाजींसाठी त्याला दुसरे काहीच करता येत नव्हते, आणि हातावर हात धरून बसणेही जमत नव्हते. त्याने एक प्लास्टिकचे नळकांडे घेतले. एका टोकाला स्टुडिओतून आणलेले जुन्या फोटो कॅमेऱ्याचे मोठे भिंग बसवले. मध्ये एक काच घातली, ती त्याने स्वतः दोन दिवस भुकटीने घासून दुधाळ केली होती. दुसरे टोक माझ्या तोंडावर आट्यांनी फिरवून घट्ट केले. मोठ्या भिंगातून मास्तरांचे चित्र त्या दुधाळ काचेवर पडायचे आणि मी त्या काचेवरच्या चित्राचे चित्र काढायचे, अशी ती योजना होती.

चित्र पडले, आणि काय सांगू, एवढे देखणे चित्र मी कधी काढले नव्हते. मागचे शर्ट विरघळून गेले होते. चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती मोजून घ्यावी. फक्त मास्तर उलटे होते. डोके खाली, खुर्ची वर. काचेवर चित्र उलटे पाडणे हा भिंगांचा स्वभावच आहे. एरवी मी आतल्या आत ते सुलट करून घेतो. पण इथे काचेवर आधीच उलटे पडलेले चित्र मी इमानेइतबारे जसेच्या तसे टिपत होतो.

मामाने नळकांडे काढले, झटकले, पुन्हा लावले. मास्तर पुन्हा उलटे. ऑपरेशन परवावर आले होते. मामाने कपाळाला हात लावला.

तेवढ्यात मास्तर आपला लोहचुंबक घेऊन आले. जमिनीवर सांडलेल्या टाचण्या गोळा करायला टेलर लोक एक लोहचुंबक बाळगतात, तो. त्यांनी तो सहज माझ्या डाव्या बाजूला टेबलावर ठेवला आणि माझ्या पडद्यावरचे चित्र टुणकन सुलट झाले.

"सरळ झालं!" बटण ओरडली.

मित्रांनो, सरळ काहीही झाले नव्हते. तो लोहचुंबक जवळ येताच मला वाटले की पडदा मागे फिरवला आहे, म्हणून मी पडद्यावरचे चित्र पालथे केले. फक्त पडद्यावरचे. टेपवर मास्तर उलटेच बसले होते. पण हे मी कुणाला सांगणार? मला पाहता येते, ऐकता येते, बोलता येत नाही. मामाने तो लोहचुंबक चिकटपट्टीने बिजागरीशी पक्का बांधला. बटण दोनदा ओरडली, "मामा, टेपच्या दाराजवळ नेऊ नकोस, टेप पुसली जाईल!" तिने डोळ्यांत तेल घालून काळजी घेतली, पण नको तिथल्या धोक्याची.

एकाच माणसाला शंका आली होती. चाचणीसाठी मामा खुर्चीत बसला आणि मास्तर माझ्या मागे उभे राहून पडद्याकडे पाहू लागले. त्यांच्या भुवया जवळ आल्या.

"याचा शर्ट मी शिवलाय," ते म्हणाले. "खिसा उजव्या छातीवर कसा? आणि बटणपट्टी बायकांच्या ब्लाउजसारखी? मी असं शिवेन का?"

"दाजी, तुम्हाला शर्टाशिवाय काही दिसतं का?" मामा हसला, बटणही हसली. मास्तरीणबाईंनी सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि त्याही हसल्या. खूप दिवसांनी त्या घरात हसू आले होते, त्यामुळे मास्तरांनी तो विषय ताणला नाही. मी मात्र आतून आक्रोश करत होतो. पडद्यावरचे चित्र आणि टेपवरचे चित्र वेगळे आहे, हे सांगणारी ती एकच खूण होती, आणि ती टेलरलाच दिसली.

मग मास्तर खुर्चीत बसले. मास्तरीणबाईंनी कटिंगच्या खाकी कागदावर यादी करून आणली होती. चौदा वाक्ये. चहा टाकतेस का. कात्री कुठे ठेवलीस. हे काज तिरकं झालंय. जेवून घे, मी येतोच. मास्तर एकेक वाक्य माझ्याकडे बघून म्हणत होते आणि मास्तरीणबाई माझ्या डोक्यावरून त्यांचे ओठ पाहत होत्या.

"'चुकलं माझं,'" मास्तरांनी वाचले आणि थांबले. "हे यादीत कशाला? मी कधी म्हणालो होतो असं?"

"म्हणूनच लिहिलंय," मास्तरीणबाई म्हणाल्या. "म्हणा."

त्यांनी म्हटले. "परत म्हणा," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि या वेळी त्यांना नीट कळले नव्हते म्हणून नव्हे. मास्तरांनी दात दाखवत परत म्हटले.

यादी संपत आली तेव्हा दुकानाच्या पायरीशी एक बाई मुलीचा फ्रॉक न्यायला आली. मास्तरीणबाई बाहेर गेल्या, त्या बाईचे बोलणे आईला सांगायला बटणही गेली. मामा दुकान उघडायला कधीच निघून गेला होता. मी चालूच होतो. खोलीत मास्तर आणि मी असे दोघेच उरलो.

मास्तरांनी दाराकडे पाहिले. मग ते खुर्चीतून पुढे वाकले, सरळ माझ्या भिंगात पाहू लागले आणि त्यांचे ओठ हलले. आवाज आलाच नाही. माझ्या कानात फक्त पंख्याची घरघर येत होती. दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये असे काहीतरी ते आपल्या बायकोला सांगत होते, तिला लागतात तेवढेच ओठ वापरून. मला ऐकता येते, ओठ वाचता येत नाहीत. जगात एकच माणूस ते वाचू शकत होता, आणि मी ते उलटे लिहून ठेवत होतो.

बटण परत आल्यावर म्हणाली, "एकदा चालवून बघूया का?" मामा दुपारी जेवायला आला होता, तो म्हणाला, "नको गं बाई, टेप खातो हा. एकच आहे ती." मग त्याने लोहचुंबकाची चिकटपट्टी ओरबाडून काढली आणि बिजागरीतली बारीक पट्टी तुटली. माझा पडदा काळा पडला तो कायमचा. "टेप शाबूत आहे ना?" मास्तरीणबाईंनी विचारले. "झालं तर मग." त्यांनी कॅसेट रुमालात गुंडाळून बटणांच्या डब्यात ठेवली.

ऑपरेशन झाले. मास्तर घरी आले ते तोंडावर पांढरा रुमाल धरून. आल्या आल्या खाटेवर पडले आणि भिंतीकडे वळले. मी समोरच्या फळीवर होतो. बटणने त्यांच्या उशाशी पाटी-पेन्सिल ठेवली, त्यांनी तिला हात लावला नाही. जेवणही रुमालाआड, तेही सगळे खोलीबाहेर गेल्यावर. मास्तरीणबाईंनी टेबलावर कात्रीचे दोन ठोके मारले. मास्तरांना ते ऐकू आले, त्यांचे खांदे हलले, पण ते वळले नाहीत.

मामाला त्या सांगत होत्या तेव्हा मला खरे काय झाले ते समजले. दवाखान्यात पट्टी काढल्यावर मास्तरांनी खाटेच्या लोखंडावर दोन ठोके मारले होते आणि एक शब्द म्हटला होता. "मला कळलाच नाही रे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मी तीनदा म्हटलं, परत म्हणा. चौथ्यांदा त्यांनी तोंडावर रुमाल घेतला. नर्सनं सांगितलं, ते बघ म्हणत होते. बघ! सव्वीस वर्षं रोज वाचलेला शब्द, आणि मी ओळखला नाही."

दुसऱ्या दिवशी मामा आला तेव्हा त्याच्या मिशा नव्हत्या. "निदान माझं तरी वाच," तो म्हणाला. मास्तरीणबाईंनी त्याच्या गुळगुळीत तोंडाकडे पाहिले आणि हुंदका दिला. त्यांना वाचायचे होते ते ओठ त्यांच्यापासून चार हातांवर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

असे अकरा दिवस गेले. अकराव्या दिवशी दुपारी मास्तरीणबाईंनी बटणांचा डबा उघडला.

बटणने माझी तार टीव्हीला जोडली. मामाने टीव्ही पुढे ओढला. तो जुना, मागे मोठे ढेकूळ असलेला, दोघांनी उचलावा असा टीव्ही होता. मास्तरीणबाई समोर येऊन बसल्या, पदराने डोळे कोरडे केले. कॅसेट माझ्या पोटात शिरली. माझी झिजलेली चाके फिरू लागली.

टीव्हीवर मास्तर आले. छताला टांगल्यासारखे, खुर्ची डोक्यावर, हनुवटी वर आणि कपाळ खाली.

मग बटणचा धीर सुटला. "सरळ होतं! मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, सरळ होतं!" मामाने लोहचुंबक आणून माझ्या सगळ्या अंगावरून फिरवला. टीव्हीवरचे मास्तर उलटेच राहिले. "कॉम्प्युटरवर फिरवून मिळेल," बटण म्हणाली पण लगेच तिला आठवले की स्टुडिओतल्या कॉम्प्युटरला माझी तार लागेल असे भोकच नव्हते. टेप पुढे सरकत होती. उलटे मास्तर उलट्या ओठांनी चहा मागत होते.

मास्तरीणबाई उठल्या. पलीकडच्या बाकड्यावर उताण्या पडल्या आणि डोके खाली लोंबू दिले. पन्नाशीची बाई, अंबाडा जमिनीला टेकलेला. टीव्हीवरचे मास्तर आता त्यांना सुलट दिसत असतील. "कात्री," त्या म्हणाल्या. "कात्री कुठे..." मग चेहरा लाल झाला, डोळ्यांतले पाणी कपाळाकडे वाहू लागले आणि काही दिसेनासे झाले. त्या पुन्हा पाहू लागल्या, पुन्हा पाणी आले. बटण त्यांना उठवू लागली तेव्हा त्यांनी तिचा हात झटकला.

"मला येत नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या त्या सपाट आवाजात मी पहिल्यांदा चढ ऐकला. "उलटं वाचता येत नाही मला. आता कुठून आणू त्यांना?"

मित्रांनो, माझ्या पोटात त्यांचे मास्तर होते आणि मी त्यांना पायाला धरून उलटे टांगले होते. त्या क्षणी मी भंगारात गेलो असतो तर मला बरे वाटले असते.

खाट करकरली. मास्तर उठून बसले होते. एका हाताने तोंडावर रुमाल धरून ते लोंबणाऱ्या बायकोकडे पाहत होते. मग ते उभे राहिले, टीव्हीपाशी आले आणि बोट हवेत गोल फिरवले. कुणाला कळले नाही. त्यांनी पुन्हा फिरवले. टेलर माणूस जन्मभर कपडा उलट्या बाजूने शिवतो आणि शेवटी एका झटक्यात सुलट करतो. त्यांनी कोटाच्या कापडाची जाड घडी टीव्हीच्या टेबलावर टाकली आणि टीव्हीकडे हात केला.

"टीव्ही उलटा करायचा?" मामा म्हणाला. "दाजी, तुम्ही उचलू नका, टाके आहेत, मी आणि बटण..."

पण मामाला आणि बटणला तो तिरपा होऊन झेपेना. टीव्ही कलला, आता पडतो असे वाटले, आणि मास्तरांनी झेप घेऊन तो धरला. दोन्ही हातांनी धरावा लागला. रुमाल खाली पडला.

टीव्ही पालथा होऊन घडीवर बसला. कोपऱ्यात जांभळट डाग आला, पण मास्तर सुलट झाले, शर्टाचा खिसाही डाव्या छातीवर गेला. मास्तरीणबाई बाकड्यावरून उतरून टीव्हीसमोर गुडघ्यांवर बसल्या. "'चुकलं माझं,'" त्या वाचत म्हणाल्या, आणि रडता रडता हसल्या. "दोनदा म्हणालात." मग टीव्हीवरच्या मास्तरांनी दाराकडे पाहिले आणि ते पुढे वाकले. आवाज बंद झाला, पंख्याची घरघर उरली.

"हे कधी म्हणाले?" मास्तरीणबाईंनी विचारले. त्या हळूहळू मोठ्याने वाचू लागल्या. "बघ. हे... यादीत नाही. उद्या... मी गप्प बसलो तर..."

आणि टेप माझ्या चाकावरून घसरली.

मी जिवाचा आटापिटा केला. आणखी एक वाक्य, फक्त एक. चाक रेटले, टेप ओढली, पण ती आत गुंडाळत गेली, कर्रर्र आवाज झाला आणि टीव्ही निळा पडला. मी मास्तरांना खाल्ले होते.

"पुढे काय?" मास्तरीणबाई टीव्हीला म्हणाल्या. त्याच्या काचेवर त्यांनी तळहात आपटला. "गप्प बसलो तर काय? काय?" बटण माझे दार उघडायला धडपडत होती, ते उघडत नव्हते. मास्तरीणबाईंनी मान वळवली. मास्तर अजून टीव्हीचा कोपरा धरून उभे होते, रुमाल त्यांच्या पायाखाली होता आणि तोंड उघडे होते. खालचा ओठ डावीकडे ओढलेला, त्याखाली हनुवटीपर्यंत एक शिवण. अकरा दिवसांत मास्तरीणबाईंनी ते पहिल्यांदा पाहिले. मास्तरांचा हात तोंडाकडे निघाला. मास्तरीणबाईंनी तो मध्येच पकडला आणि तुरपाई करणारी बाई जशी दुसऱ्याची तुरपाई बघते तशी ती शिवण वरपासून खालपर्यंत बघितली.

"टाके सरळ घातलेत," त्या म्हणाल्या. "पुढे काय म्हणाला होतात?"

मास्तरांनी मोकळ्या हाताच्या मुठीने टेबलावर दोन ठोके मारले. त्यांचे नवे ओठ हलले.

"परत म्हणा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

ते परत म्हणाले. त्या आणखी जवळ सरकल्या, इतक्या की त्यांचा श्वास त्या ओठांवर पडला असेल.

"परत म्हणा."

तिसऱ्यांदा मास्तरीणबाईंचा चेहरा बदलला. "बघ," त्या म्हणाल्या. "बघ म्हणताय. आता तो शब्द डाव्या कोपऱ्यातून येतो होय? बघतेय मी. पुढे म्हणा." पुढच्या शब्दांना फार वेळ लागला. एकेक शब्द चारचारदा, पाचपाचदा. मास्तरांच्या कपाळावर घाम आला, शिवण ताणली गेली, पण ते थांबले नाहीत. शेवटी मास्तरीणबाईंनी सगळे जोडून मोठ्याने म्हटले.

"मी गप्प बसलो तर बसू देऊ नकोस. भांड माझ्याशी."

मास्तरांनी मान हलवली.

"भांडू?" मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांचा तो सपाट आवाज सगळ्या गल्लीत गेला असेल. "अकरा दिवस भिंतीकडे तोंड करून पडलात. मी काय भिंत वाचू? पाटी दिली तिला हात लावला नाहीत. माझ्या भावानं मिशा काढल्या, तुम्ही मान वळवून पाहिलंत का?" मास्तरांनी मामाकडे पाहिले, त्याची सफाचट मिशी बघून त्यांचा ओठ आणखी डावीकडे गेला. ते हसू होते. ते काहीतरी म्हणाले. मास्तरीणबाई म्हणाल्या, "परत म्हणा," आणि भांडण संध्याकाळपर्यंत चालले.

मित्रांनो, बटणने माझ्या पोटातून ती टेप कात्रीने कापून काढली. फितीची नुसती चिंधी झाली आहे, ती बटणांच्या डब्यात असते. मी पुन्हा फळीवर आहे, आता पुढच्या खोलीतल्या. माझा पडदा काळा आहे, चाके गेली आहेत, आणि माझ्यावर कुणी रागावले नाही याचेच मला जास्त वाईट वाटते. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला कोरड्या फडक्याने पुसत जा. काही टिपले की एकदा मागे फिरवून पाहा, छोट्या पडद्याच्या बोलण्यावर जाऊ नका. आणि टिपायचा तो माणूस समोरच बसलेला असेल, तर मला थोडा वेळ बंद करून त्याच्याकडेच पाहा. माझी पोच फार थोडी आहे, हे मी उलटे मास्तर टिपून शिकलो.

फळीवरून मला आता कटिंगचे टेबल दिसते. टेबलावर कात्रीचे दोन ठोके पडतात, मास्तरीणबाई मान वर करतात. मास्तर काहीतरी सांगतात. तोंडात टाचण्या धरायची खोड त्यांना पुन्हा लागली आहे.

"आधी टाचण्या काढा," त्या म्हणतात, "आणि परत म्हणा."